देवचार राहिला

माझ्या टेबलावर एक शब्दकोश असतो. लॅटिन शब्दांचे अर्थ पोर्तुगीजमध्ये देणारा. मला पोर्तुगीज येत नाही आणि लॅटिन जेमतेम येतं, म्हणजे तो उघडला की एका न कळणाऱ्या शब्दाच्या बदल्यात मला चार न कळणारे शब्द मिळतात. तरी तो वाचनालयाच्या कपाटात न ठेवता मी हाताशी ठेवला आहे. त्याचा कणा हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेला आहे, जाळं विणतात त्याच गाठींनी. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस आधी त्या गाठी बघतो आणि म्हणतो, "ही बुधाजीची शिवण." पुस्तक कोणाचं, हे मात्र कोणी विचारत नाही. तेवढं सगळ्यांना ठाऊक आहे.

पुस्तक वालावलकर मास्तरांचं. गाव त्यांना लाटीन मास्तर म्हणायचं.

मी या गावात ग्रंथपाल म्हणून आले ती अठ्ठ्याण्णव साली. गाव मिठबावपासून चालत अर्ध्या तासावर, आणि वाचनालय समुद्रापासून इतकं जवळ, की पावसाळ्यात पुस्तकांची पानं पापडासारखी मऊ पडतात. रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दारात एक गृहस्थ उभे राहिले. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा फुल शर्ट, खिशाला फाउंटन पेन, आणि खाली खाकी अर्धी चड्डी. गुडघ्यापर्यंत वाळू. हातात केळीच्या पानात गुंडाळलेले चार बांगडे.

"बाई, तुमच्याकडे लॅटिन व्याकरण आहे का?"

मी नाही म्हटलं.

"उत्तम," ते म्हणाले. "म्हणजे चुकीचंही नसेल. मंगळवारी चारला येतो. वही आणा."

मी वही आणली. का आणली, ते अजून मला नीटसं सांगता येत नाही. मास्तरांना नाही म्हणायचं राहून जायचं, एवढं खरं.

लहानपणी ते मामाकडे पणजीला वाढले. तिथल्या पोर्तुगीज शाळेत एका म्हाताऱ्या पाद्रीने त्यांना लॅटिन शिकवलं. पुढे पोर्तुगीज गेले, पाद्री गेला, आणि मास्तर त्या भाषेसकट इकडे परतले. आयुष्यभर हायस्कुलात त्यांनी संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. लॅटिन तसंच शिल्लक राहिलं. निवृत्त झाल्यावर, बायको वारल्यावर, त्यांनी किनाऱ्याजवळ एक कौलारू घर घेतलं आणि ते साठवलेलं लॅटिन गावावर वापरायला सुरुवात केली.

मी त्यांची एकुलती एक विद्यार्थिनी. म्हणजे पहिला नंबर ठरलेला. तरी पहिल्या परीक्षेत त्यांनी मला दुसरा नंबर दिला. पहिला रिकामा ठेवला. "त्या जागेला कोणी लायक होईल तेव्हा बघू," म्हणाले.

नामांचा तिसरा गण शिकवताना पुस्तकात राजा हा शब्द देतात, असं त्यांनीच मला सांगितलं आणि राजाला तिथल्या तिथे बाद केलं. "राजाशी तुमचा काय संबंध, बाई? आपल्याला रोज लागणारा शब्द घेऊ." आणि फळ्यावर लिहिलं: फामिलियारितास.

"अर्थ?"

"फॅमिली?" मी भीतभीत म्हटलं.

"फॅमिली नातेवाइकांची असते. हा घरोबा. नातं काही नाही, पण माणूस न विचारता पडवीवर येऊन बसतो आणि आपण त्याला काय काम होतं असं विचारत नाही. स्त्रीलिंगी. आता बघा, प्रथमेत ती साधी दिसते. फामिलियारितास. पण तिचं खरं अंग प्रथमेत दिसत नाही. षष्ठीत जा. फामिलियारितातिस. आला की नाही तो आतला 'त' वर? कुणाचा तरी, कशाचा तरी म्हटल्याशिवाय हा शब्द आपलं अंग दाखवत नाही."

"आणि अनेकवचन?"

"आहे. फारसं लागत नाही." खडू झटकत ते म्हणाले. "मला एक बुधाजी पुरतो."

बुधाजी तांडेल म्हणजे गावच्या रापणीचा म्होरक्या. रापण ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. होडीतून एक लांबच लांब जाळं समुद्रात अर्धवर्तुळात टाकत नेतात. त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. एका दोरावर वीस-पंचवीस माणसं, दुसऱ्यावर तेवढीच, आणि दोन्ही रांगा मागे मागे चालत दोर ओढतात. जाळं जवळ येतं तशा दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात. शेवटी जाळं वाळूवर येतं तेव्हा दोन्ही दोरांची माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. मग वाटे घालतात. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. तो कोण, कुठला, काय जातीचा, हे विचारायचं नाही.

मास्तर पहिल्यांदा रापणीवर गेले तेव्हा त्यांनी दोर खांद्यावरून आडवा घेतला होता. बुधाजीने अख्ख्या किनाऱ्यासमोर हाक मारली, "मास्तरानू, दोर हातात धरूचो आसता. खांद्यार घालूक ता जानवा न्हय!"

त्या दिवसापासून दोघांचा घरोबा. बुधाजी शाळेत दुसरीपर्यंत गेलेला. मास्तरांना पोहता येत नव्हतं. सकाळी रापण, संध्याकाळी मास्तरांची पडवी. एक जण पुस्तक वाचतो, दुसरा जाळं विणतो. शब्दकोशाचा कणा उसवला तेव्हा मास्तर तो मालवणला बाइंडरकडे नेणार होते. बुधाजीने त्यांच्या हातातून तो घेतला, उलटासुलटा केला, म्हणाला, "ह्येचा जाळा फाटला इतक्याच ना?" आणि सुई काढली.

मास्तर डाव्या दोरावर ओढायचे, आणि ओढताना विभक्त्या म्हणायचे. एका झटक्याला एक रूप. फामिलियारितास, हय्या. फामिलियारितातेम, हय्या. आधी पोरं हसली. मग त्यांच्या ध्यानात आलं की शब्द लांब आहे आणि ओढायला सोयीचा आहे. महिन्याभरात डावा दोर सगळाच्या सगळा तिसऱ्या गणात ओढू लागला. उजव्या दोरावर बुधाजी होता. तो म्हणायचा, "आमचो दोर मराठीच आसा."

मासळीबाजारातही त्यांनी व्याकरण नेलं. मासे विकणाऱ्या रुक्मिणकाकीला त्यांनी विभक्त्या ताजेपणावर समजावल्या होत्या. प्रथमा म्हणजे मासा अजून कर्ता आहे, स्वतःच उडी मारेल. द्वितीया म्हणजे त्याला काहीतरी झालेलं आहे, पण चालेल. पंचमी म्हणजे त्याच्यापासून वास येतो. काकीने हे मनावर घेतलं. तारकर्लीला उतरलेले पर्यटक चुकून आमच्या बाजारात आले की ती पाटीवरचं पान उचलून ओरडायची, "येवा, येवा! सगळी प्रथमा आसा!" आणि शेजारणीच्या पाटीकडे हनुवटीने दाखवत हळूच म्हणायची, "तिची पंचमी. आमच्या मास्तरांका इचारा."

पर्यटक मास्तरांकडे बघत. अर्धी चड्डी आणि फाउंटन पेन पाहून बहुतेक जण काकीकडूनच मासे घेत.

असे हे मास्तर. चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, देवळातली आरती, डॉक्टरची चिठ्ठी. चिठ्ठीतल्या 'दिवसातून दोनदा' अशा अर्थाच्या लॅटिन आद्याक्षरांची फोड औषधवाल्याला करून सांगत ते काउंटरवर उभे राहिले की मागची रांग खाली बसून घ्यायची. आणि त्यांची स्वतःची चूक? ती मी सात वर्षांत एकदाही त्यांच्या तोंडून ऐकली नाही. चुकत नसत असं नाही. त्यांच्याकडे त्यासाठी वाक्य नव्हतं.

ते वाक्य नसल्यामुळे जे झालं तेच मला सांगायचं आहे.

नारळी पौर्णिमेला आमच्या किनाऱ्यावर समुद्राला नारळ देतात आणि गाऱ्हाणं घालतात. त्यानंतर रापण सुरू. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने एकाने देवाशी बोलायचं. प्रत्येक मागणी 'म्हाराजा' या शब्दावर संपवायची आणि जमलेल्यांनी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकदा होकार पडला की ते सगळ्यांवर बंधनकारक. बुधाजीचा बाप चाळीस वर्षं गाऱ्हाणं घालत होता, त्याच्यानंतर बुधाजी. त्याचा आवाज लाटेवरून जायचा. मी पहिल्यांदा ऐकलं ते वाचनालयात बसून, शब्द न् शब्द.

त्या वर्षी, म्हणजे मी येऊन तीनेक वर्षं झाली होती, बुधाजी नारळ हातात घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभा होता.

"बा देवा म्हाराजा, आज जो काय ह्यो नारळ तुझ्या पायाशी ठेवलो आसा, तो गोड मानून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकरांच्या हाताक यश दी. होडयेत गेलो तो घराक येवंदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग ग्रामदेवता झाली, तिच्याकडे पाहुणी आलेली देवता झाली, खाडीवरची, डोंगरावरची. बुधाजीने श्वास घ्यायला थांबा घेतला. आणि गर्दीतून मास्तरांचा खणखणीत, वर्गातला आवाज आला:

"देवचार राहिला."

देवचार म्हणजे गावाच्या शिवेचा राखणदार. खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन तो शिवेवरून फिरतो अशी समजूत. त्याला विसरणं म्हणजे गंभीर गोष्ट. आणि जमलेले दीडशे लोक गाऱ्हाण्याच्या लयीत इतके होते, की मास्तरांचं वाक्य संपताच सगळे एका आवाजात म्हणाले:

"व्हय म्हाराजा!"

बुधाजी वळला. नारळ त्याच्या हातातच होता.

"देवचार शेवटाक येता," तो हळू म्हणाला. "माझ्या बापाशीन शेवटाक घेतल्यान. मी शेवटाक घेतंय. त्येका शिवेर उभो करून मगे गाऱ्हाणा बंद करूचा आसता. तुमका घाय किती, मास्तरानू?"

मास्तरांनी तोंड उघडलं. त्या क्षणी दोन शब्द म्हटले असते तर पुढचं काही झालं नसतं. ते म्हणाले, "क्रम बदलला तरी अर्थ बदलत नाही."

बुधाजीने नारळ पाण्यात सोडला आणि गाऱ्हाणं अर्धं ठेवून तो चालू लागला. जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्या मास्तरान परत मराठीतसून गाऱ्हाण्यात तोंड घातल्यान, तर मी दोराक हात लावचंय नाय."

त्या मोसमात पहिल्या पंधरा दिवसांत जाळ्यात जेलीफिशशिवाय काही आलं नाही. नुसते काचेसारखे गोळे. गावाला कारण शोधायला दूर जावं लागलं नाही.

पुढची चार वर्षं दोघे बोलले नाहीत. बुधाजीने गाऱ्हाणं सोडलं. त्याच्या जागी सोनू नावाचा एक जण घालायचा, तो स्वभावाने घाईचा. त्याचं गाऱ्हाणं असं: "देवा, तुका म्हायत आसाच, म्हाराजा!" लोक 'व्हय म्हाराजा' म्हणत आणि एकमेकांकडे बघत.

रापण मात्र रोज होती. मास्तर डाव्या दोरावर, बुधाजी उजव्या. दोर ओढत दोन्ही रांगा जवळ यायच्या, शेवटी ते दोघे हातभर अंतरावर उभे राहायचे आणि दोघेही समुद्राकडे असं बघायचे, जणू समुद्र आजच आला आहे. वाटे बुधाजी घालायचा. मास्तरांच्या वाट्याकडे तो बघायचा नाही, पण त्यात एखादा मोठा सरंगा न चुकता असायचा. मास्तर तो केळीच्या पानात बांधत मला म्हणायचे, "वाट्यात राग नाही, बाई. राग फक्त आवाजात आहे."

"मग तुम्ही बोला ना," मी एकदा धीर करून म्हटलं.

"काय बोलू? क्रम खरंच बदलत नाही."

शब्दकोशाची शिवण याच काळात उसवली. मी म्हटलं, मालवणला देते. ते एकदम रागावले. "माणूस गावात असताना बाहेर कशाला द्यायचं?" आणि स्वतःच सुतळीने बांधून ठेवला. दर मंगळवारी ती सुतळी सुटायची आणि पानं माझ्या टेबलावर पसरायची. आम्ही ती गोळा करायचो. मला वाटतं, त्या चार वर्षांत मी अक्षरांच्या क्रमाशिवाय लॅटिन शिकले.

मग मास्तरांना दम लागायला लागला. दोर ओढताना बसावं लागे. पुण्याहून त्यांची मुलगी शैला आली. डॉक्टरांचे कागद तिने माझ्यासमोर टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "मी बाबांना घेऊन जाणार आहे. तुम्हीच समजवा, तुमचं ऐकतात." ते कोणाचंच ऐकत नसत, पण मी मान हलवली.

मास्तर शांतपणे म्हणाले, "येतो. नारळी पौर्णिमा होऊ दे. आणि पुढचा एक गुरुवार."

"गुरुवारी काय आहे?" शैलाने विचारलं.

"अजून काही नाही," मास्तर म्हणाले.

पौर्णिमेला सगळे किनाऱ्यावर जमले. सोनूने नारळ उचलला, तेवढ्यात मास्तर पुढे झाले. पांढरा शर्ट, अर्धी चड्डी, पेन. "यंदा मी घालतो."

कुजबुज सुरू झाली. सगळ्यांच्या नजरा मागे, होडीला टेकून उभ्या असलेल्या बुधाजीकडे. बुधाजी म्हणाला, कोणालाच उद्देशून नाही, "मी काय सांगितलंय ता मी सांगितलंय."

"मराठीतून तोंड घालायचं नाही, असं सांगितलंय," मास्तरही कोणालाच उद्देशून नाही असे म्हणाले. "मी मराठीतून घालत नाही."

रुक्मिणकाकी पुढे होती. "शिरा पडो! देवाक लाटीन समजता?"

"समुद्राला कुठली भाषा नवी आहे, काकी? सगळ्या त्याच्यावरूनच आल्या."

मास्तर पाण्यात गुडघ्यापर्यंत गेले. पोहता येत नसल्यामुळे तेवढंच. त्यांनी नारळ वर धरला आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले:

"ओ मारे, आउदी नोस, म्हाराजा!"

शब्द कोणालाच कळले नाहीत. पण 'म्हाराजा' पडला होता. त्याला उत्तर नाही द्यायचं म्हणजे शिंक अर्ध्यावर अडवायची.

"व्हय म्हाराजा!"

"दा नोबिस पीशेस, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता जोर आला होता. पोरं मजेत होती. पाठोपाठ आणखी दोन-तीन मागण्या झाल्या. मग मास्तर थांबले, छातीवर हात ठेवून श्वास घेतला.

"फामिलियारितातेम नोस्त्राम रेद्दे, म्हाराजा!"

आपला ओढण्याचा शब्द ओळखून डावा दोर गरजला, "व्हय म्हाराजा!"

आणि मग, अगदी बारीक आवाजात, "एर्रावी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

मी मागे वळून बुधाजीकडे पाहत होते म्हणून सांगते. तोही म्हणत होता. होडीला टेकून, हाताची घडी घालून, कपाळाला आठ्या घालून तो प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणत होता. पन्नास वर्षांची सवय. त्याच्या तोंडाला ती त्याच्या रागापेक्षा जुनी होती.

नारळ पाण्यात गेला. रुक्मिणकाकीने विचारलं, "मागितलात काय, ता तरी सांगा."

मास्तरांनी बोटांवर सांगितलं. "मासे मागितले. होड्या सुखरूप मागितल्या. तुमच्या गुडघ्याला आराम मागितला, काकी. आणि आपला जुना घरोबा परत मागितला, त्याची सुरुवात म्हणून बुधाजीने येत्या गुरुवारी संध्याकाळी माझ्या पडवीवर चहाला यावं, असं मागितलं. सगळ्यांनी होकार दिलात. बुधाजीनेही दिला."

"माका काय म्हायत काय बोलतत ता!" बुधाजी ओरडला. चार वर्षांत मास्तरांच्या दिशेने आलेलं ते पहिलं वाक्य. पण ते सांगितलं त्याने सोनूला.

निवाडा रुक्मिणकाकीने केला. "दर्यासमोर व्हय म्हटलंस ना? मगे व्हय. आमी काय दरवर्सा सगळा आयकान म्हणतो?"

गर्दी पांगताना मास्तर माझ्याजवळ आले. गावात लॅटिन कळणारी दुसरी व्यक्ती मीच. त्यांनी चष्मा पुसला. "बाई, ते शेवटचं वाक्य परीक्षेला नाही."

मी मान हलवली. एर्रावी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मी कोणाला सांगितलं नाही.

गुरुवारी मास्तरांनी मलाही बोलावलं. साक्षीदार कोणीतरी असावा म्हणून. शैला आत चहा करत होती, तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. बरोबर पाचला बुधाजी आला. धुतलेला सदरा, केसांना तेल. तो त्याच्या जुन्या जागी, खांबाला पाठ लावून बसला. चहा घेतला. बशीत ओतला, फुंकला, प्याला. एक शब्द बोलला नाही. मास्तरही बोलले नाहीत. मी कपाच्या तळाकडे पाहत बसले.

बुधाजीने कप खाली ठेवला, उठला, चपलेत पाय घातला. शैलाने दारातून माझ्याकडे पाहिलं. मास्तरांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. नापास झालेल्या मुलाचा असतो तसा होता.

पायरीवर बुधाजी थांबला. पाठमोराच म्हणाला:

"राहिला."

"काय?" मास्तर म्हणाले.

"तुमचा पण राहिला, मास्तरानू. चाय मागितल्यात. मी चाय घेतलंय. बोलूचा मागूक इसारल्यात."

मास्तरांनी आपला कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "खरं आहे. राहिलं."

बुधाजी वळला. "आणि ता शेवटाक बारीक आवाजात काय म्हटलात? एर्रावी का काय ता. त्येचा कायच सांगूक नाय तुमी. बायेक इचारलंय तर ही मुकी."

माझ्याकडे कोणी पाहिलं नाही, हे बरं झालं.

"एर्रावी," मास्तर म्हणाले. त्यांनी ते आधी क्रियापद म्हणून सांगायला घेतलं, कोणत्या गणाचं, कोणत्या काळाचं. मग थांबले. "म्हणजे, मी चुकलो."

"माका वाटलाच," बुधाजी म्हणाला. "थय तुमचो आवाज गेलो." तो परत वर आला, चपला काढल्या, खांबाला टेकून बसला. त्याची नजर तिपाईवरच्या शब्दकोशावर गेली. त्याने तो उचलला आणि सुतळीकडे अशा चेहऱ्याने पाहिलं, की मास्तर किंचित मागे सरकले.

"ही गाठ कोणी मारल्यान?"

"मी."

"ही गाठ? ह्येतसून तर म्हातारो खेकडो पण चलत भायर जायत!" तो आत ओरडला, "शैला बाय, आणखी चाय टाक गो. आणि ती बॅग वाटेतली काढ. कोणतरी पडात."

शैला एक आठवडा थांबली. मग मास्तर पुण्याला गेले.

पण दर नारळी पौर्णिमेला ते यायचे. चार वर्षं आले. गाऱ्हाणं परत बुधाजीकडे गेलं होतं, आणि त्यात एक छोटा बदल झाला होता. ग्रामदेवता, खाडीवरची, डोंगरावरची झाली की बुधाजी थांबायचा. श्वास घ्यायला नव्हे. नुसता थांबायचा आणि समुद्राकडे बघत राहायचा. मग गर्दीतून वर्गातला आवाज यायचा, "देवचार राहिला." दीडशे लोक म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" बुधाजी मोठ्याने सुस्कारा टाकायचा, जणू या माणसाचा त्रास कधी संपणार, आणि मग देवचाराला शिवेवर उभा करून गाऱ्हाणं बंद करायचा. नवीन पोरांना वाटायचं, गाऱ्हाणं असंच असतं.

शेवटच्या वेळी मास्तर आले तेव्हा दोर ओढायची ताकद नव्हती. त्यांनी डाव्या दोराच्या अगदी शेवटी उभं राहून नुसता हात लावला. हात लावला म्हणजे वाटा. रिक्षा रस्त्यावर उभी होती, शैला हाका मारत होती. ते माझ्याकडे आले, शब्दकोश हातात दिला. "पुण्याच्या कोरड्या हवेत ह्याची शिवण सैल पडते," म्हणाले. ते खरं नव्हतं. मग रिक्षात बसले. पांढरा शर्ट, पेन, मांडीवर केळीच्या पानातले बांगडे. रिक्षा वळताना त्यांनी बाहेर मान काढून रुक्मिणकाकीला काहीतरी सांगितलं. ती हसत हसत माझ्याकडे आली. "म्हणतत, हे बांगडे पुण्याक पोचासर पंचमी जातले."

मास्तर पुढच्या उन्हाळ्यात गेले. फोन वाचनालयात आला. मी किनाऱ्यावर जाऊन बुधाजीला सांगितलं. तो जाळं विणत होता. त्याने हातातली ओळ पूर्ण केली, दोरा दाताने तोडला, आणि "बरा" एवढंच म्हणाला. काय बरं, ते मी विचारलं नाही.

त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला बुधाजी पाण्यात उभा राहिला. नारळ गोड मानून घे, म्हाराजा. व्हय म्हाराजा. लेकरांच्या हाताक यश दी. व्हय म्हाराजा. ग्रामदेवता झाली. खाडीवरची झाली. डोंगरावरची झाली.

बुधाजी थांबला.

लाट आली, गेली. डाव्या दोराची पोरं खाली वाळूकडे बघत होती. सोनूने नुसता घसा खाकरला. रुक्मिणकाकीने पदर तोंडाला लावला. मला वाक्य येत होतं. माझ्याच्याने झालं नाही.

आणखी एक लाट. मग बुधाजीने मान ताठ केली, आणि लाटेवरून जाणारा आपला आवाज बाजूला ठेवून, दुसरीपर्यंत शिकलेल्या तोंडाने, शुद्ध, खणखणीत, वर्गातल्या मराठीत म्हणाला:

"देवचार राहिला."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो.